सासऱ्यांना नदी गाठायचीय, सासूबाई म्हणतात मी गाडीत बसते

पत्र थोडक्यात असं: "ताई, आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. मी, नवरा आणि ९ वर्षांचा मुलगा. सासू-सासरे भारतातून आलेत आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे ३ दिवस ग्रँड कॅन्यनला, साउथ रिमला म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर जातोय. सासरे ६८ वर्षांचे, दर रविवारी सिंहगड चढणारे, त्यांना खाली कोलोराडो नदीपर्यंत जाऊन पाण्याला हात लावून त्याच दिवशी वर यायचंय. नवरा हाफ मॅरेथॉन धावतो, तो म्हणतो बाबांना मी नेतो, काही होत नाही. सासूबाई ६६, एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, दुसराही कुरकुरतो. त्या म्हणतात तुम्ही जा, मी गाडीत बसून स्तोत्र म्हणते. मुलाला दहा मिनिटांत बोअर होतं. आणि मला उंचीची भीती वाटते, कड्याजवळ पाय लटपटतात, पण हे घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. सगळ्यांना झेपेल अशी एकच ट्रेल सांगाल का, म्हणजे कुणी मागे राहणार नाही? नुसतं वरून बघून परत आलो तर एवढा खर्च करून जाण्यात काय अर्थ?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालवून घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. रिम ट्रेल. कड्याच्या काठाकाठाने जाणारी, साधारण १३ मैलांची, कड्यावरच्या हॉटेलं-दुकानांच्या वस्तीपासून, म्हणजे व्हिलेजपासून, पूर्वेकडचा भाग तर पक्का डांबरी आणि बराचसा सपाट, व्हीलचेअर आणि बाळाची स्ट्रोलर दोन्ही चालतात. हवी तिथून सुरू करा, दमलात की फुकटची शटल बस पकडा. झालं. पण हे उत्तर देऊन मी थांबले तर तिकडे पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तुमच्या घरात काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. सासरे म्हणणार हे काय, बागेत फिरायला आलो का आपण, नवरा म्हणणार उद्या पहाटे मी आणि बाबा निघतो, सासूबाई म्हणणार माझ्यामुळे कुणाचं अडू नये, आणि तू मधल्या मधे पोळ्यांचा डबा हातात घेऊन उभी. म्हणून जरा लांबण लावते.

आधी बाबांचा सिंहगड घेऊ. दर रविवारी गड चढणारा ६८ वर्षांचा माणूस, मला तर कौतुकच वाटलं. पण गडाचा हिशोब आणि कॅन्यनचा हिशोब बरोब्बर उलटा आहे. गडावर सकाळी ताज्या पायांनी चढायचं, वर जावं तसा वारा लागतो, दमलो तर जिथे असू तिथून मागे वळायचं की उतार आपल्याला आपसूक खाली आणून सोडतो. इथे गाडी लावतो तीच जागा वर, ७,००० फुटांच्या आसपास. पहिलं पाऊल पडतं तेच उतरणीला आणि उतरताना काही म्हणजे काहीच वाटत नाही, गप्पा मारत मारत माणूस दीड-दोन मैल कधी गेला कळत नाही. आणि ज्या क्षणी पाय म्हणतात बास, त्या क्षणापासून चढ सुरू होतो. तोही दिवस तापल्यावर, पातळ हवेच्या दिशेने, अर्ध्या संपलेल्या पाण्यावर. त्यामुळे 'कोण किती चालू शकतं' हा प्रश्न इथे कामाचाच नाही. खाली सगळेच जातात गं, ९ वर्षांचाही आणि ६८ वर्षांचाही. खाली पोचल्यावर वर यायला कुणात किती शिल्लक आहे हे विचारायचं असतं.

आता आकडे, कारण बाबा आकडे ऐकतील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय. ब्राइट अँजल ट्रेलने नदी एका बाजूला साधारण ८ मैल, म्हणजे येऊन-जाऊन १६ मैल, २५ किलोमीटरच्या वर. उंचीतला फरक जवळजवळ ४,४०० फूट. खाली उतरू तसं दर हजार फुटांना पारा साधारण ५ डिग्री फॅरेनहाइटने वर सरकतो, म्हणजे जूनमध्ये रिमवर २७-३० सेल्सिअसची बरी हवा असताना तळाशी ४० आणि पुढे. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येऊ नका असं पार्कवाले स्वतःच सांगतात, आणि मे ते सप्टेंबर तर ठणकावून सांगतात. सकाळी १० ते दुपारी ४ उन्हात चढू नका असंही बोर्डाबोर्डावर लिहिलंय. हे काही म्हाताऱ्यांसाठीचे नियम नाहीत, सगळ्यांसाठी आहेत, आणि दरवर्षी तिथून शेकडो लोकांना मदत करून बाहेर काढायची वेळ येते त्यात तरुण तगडी मंडळी भरपूर असतात.

म्हणजे खरं सांगायचं तर मला बाबांपेक्षा तुझ्या नवऱ्याची काळजी जास्त वाटते. रागावू नकोस. बाबा दमले की बसतील, त्यांना गडाची सवय आहे, आपला दम त्यांना कळतो. हाफ मॅरेथॉनवाला बसत नाही.

आमच्याकडचीच गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी जूनमध्येच आम्ही दोघं ब्राइट अँजलने ३ मैलांवरच्या विश्रांती-झोपडीपर्यंत गेलो, इंग्रजीत रेस्टहाउस म्हणतात पण छप्पर आणि बाक एवढंच. निघालो सकाळी ९ ला, ब्रेकफास्ट वगैरे आरामात करून, हीच पहिली चूक. उतरायला सव्वा तास. नवरा तेव्हा चौतिशीतला, रोज जिमला जाणारा, पाणीही भरपूर प्यायला, मी सारखी बाटली पुढे करत होते ना. वर येताना दीड मैलाच्या झोपडीपाशी तो बाकावर बसला आणि म्हणाला मला पाणी नको, मळमळतंय. डोकं दुखत होतं, चिडचिड सुरू, आणि बाटली भरलेली. मला कळेना, पाणी तर एवढं प्यायलाय. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाई बसल्या होत्या, त्यांनी काही न विचारता खाऱ्या बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या त्याचा शर्ट काढून नळाखाली भिजव आणि ओलाच घाल. अर्ध्या तासाने गडी उठला. पुढचा दीड मैल यायला दोन तास लागले. वरती पोचलो तेव्हा त्याचे मोजे बुटांच्या वर घोट्यापर्यंत विटकरी झाले होते, आणि त्या धुळीत दोन पांढऱ्या रेघा, पाणी ओघळून वाळलेल्या.

नंतर समजलं ते असं की त्या कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही, अंगावर यायच्या आत उडून जातो, कपडे कोरडेच, फक्त मीठ मागे राहतं. आणि नुसतं पाणी पाणी पाणी ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही उन्हाच्या झटक्याइतकंच वाईट. म्हणून पाण्याबरोबर खारं खाणं हवंच, प्रत्येक थांब्याला, भूक नसली तरी. खारे शेंगदाणे, चकली, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आपल्याकडे काय कमी आहे का. आणि बाबांना बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अशा हवेत ते महागात पडतं.

बरं, मग बाबांना सरळ नाही म्हणायचं का? तर नाही. 'तुमच्या वयाला झेपणार नाही' हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस, ते ऐकलं की ते नक्की नदीपर्यंत जाणार. त्यांना दीड मैलाची झोपडी द्या. जाऊन-येऊन ३ मैल, ११०० फुटांच्या आसपास उतार आणि तेवढाच चढ, वाटेत दोन बोगदे, झोपडीपाशी टॉयलेट, उन्हाळ्यात नळाला पाणी. पाण्याचं मात्र आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर किंवा व्हिजिटर सेंटरला विचारून घ्या, कॅन्यनमधून येणारी ती पाइपलाइन जुनी आहे आणि अधूनमधून फुटते, ट्रेलचे तुकडे दुरुस्तीसाठी बंदही असतात. पहाटे ५ ला निघायचं, जूनमध्ये तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, झोपडीपाशी खायचं, आणि ९ च्या आत वर. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, हा तिथला जुना हिशोब. आणि परत फिरायची वेळ जागेवरून नाही, घड्याळावरून ठरवायची: साडेसहा वाजले की जिथे असू तिथून मागे. ते घड्याळ बाबांच्या हातात द्या. खरंच सांगते, टाइमकीपर बाबा. मुलाने म्हणजे तुझ्या नवऱ्याने 'अजून एक वळण' म्हटलं की नाही म्हणायचा अधिकार त्यांचा. सिंहगडवाल्या माणसाला 'तुम्हाला सांभाळून नेतो' हे जड जातं, 'तुम्ही आम्हाला परत आणा' हे आवडतं.

नवऱ्याला त्यातूनही पाय मोकळे करायचे असतील तर दुसऱ्या पहाटे त्याने साउथ कैबाब ट्रेलने सीडर रिजपर्यंत जावं. हेही येऊन-जाऊन ३ मैलच, पण ही वाट धारेवरून जाते, दोन्हीकडे मोकळं, नजारा जबरदस्त, सावली जवळजवळ शून्य आणि पाणी वाटेत कुठेच नाही, सगळं पाठीवर न्यायचं. त्या ट्रेलच्या तोंडाशी खासगी गाडी जाऊ देत नाहीत, पहाटे हायकर्स एक्स्प्रेस बस असते, तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात त्या बघून ठेवा. त्याच वाटेवर ०.९ मैलावर ऊ-आ पॉइंट आहे, नावच ते, लोक तिथे पोचले की तोंडातून तेच निघतं. पण तू तिकडे जाऊ नकोस.

हो, आता तुझ्याकडे येते. पत्रात तू सगळ्यांची लिस्ट दिलीस, वय, गुडघे, मॅरेथॉन सगळं, आणि स्वतःचं शेवटी, अर्ध्या वाक्यात, 'घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही' म्हणून. मग सगळ्यांना झेपेल अशी ट्रेल शोधताना त्या 'सगळ्यांत' तू होतीस का? उंचीची भीती म्हणजे नाटक नव्हे आणि ती कड्यावर गेल्यावर जाहीर करायची गोष्टही नव्हे, कारण रिमवर सगळीकडे कठडे नाहीत, बऱ्याच ठिकाणी वाट, मग दगड, मग काहीच नाही असा प्रकार आहे, आणि त्यात ९ वर्षांचं पोर पुढे पळत असेल तर तुझं काय होईल ते तूच कल्पना कर. निघण्याआधी घरी सांगून टाक. मुलाचा हात नवरा धरेल हे आधीच ठरवा, आणि तू बिनधास्त वाटेच्या आतल्या, झाडांच्या बाजूने चाल.

तुझ्यासाठी मी याव्हापाय जिऑलॉजी म्युझियमने सुरुवात सुचवेन. कड्यावरच आहे पण मोठ्या मोठ्या काचांमागून बघायचं, पाय जमिनीवर, छप्पर डोक्यावर, मन जरा स्थिरावतं. तिथूनच 'ट्रेल ऑफ टाइम' सुरू होते, रिम ट्रेलचाच भाग. वाटेवर धातूच्या खुणा ठोकल्यात, एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं, आणि कडेला त्या त्या काळातले खरे दगड ठेवलेत, हात लावून बघायला. चालत व्हिलेजकडे जाल तसं मागे मागे, २०० कोटी वर्षांपर्यंत जाता, सगळं मिळून दोनेक किलोमीटर. मुलाला सांग की तुझी एक मोठी ढांग म्हणजे १० लाख वर्षं, मग आजीची ६६ वर्षं कुठे बसतात ते काढ. तो मिलिमीटरमध्ये शोधत बसेल. उत्तर केसाच्या जाडीएवढं येतं. व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरचं पुस्तकही घ्या, फुकट असतं, त्यातल्या अ‍ॅक्टिव्हिटी केल्या की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात, बोअर होणाऱ्या मुलांवर हा अक्सीर इलाज आहे. फक्त खारींना काही खायला द्यायचं नाही हे त्याला बजाव. तिथल्या खारी दिसायला गोंडस, माणसांना सरावलेल्या आणि कडकडून चावणाऱ्या, बॅगेची चेन उघडी दिसली तर आत शिरतात.

आणि तुला खाली उतरण्याची थोडी तरी चव घ्यायचीच असेल तर ब्राइट अँजलचा पहिला बोगदा. पाव मैलाच्याही आत आहे. ही वाट भिंतीला धरून जाते, एका बाजूला कायम खडक, त्याला हात लावून चालायचं. बोगद्याच्या पलीकडे पाच मिनिटं उभं राहून परत. खेचरांचा तांडा आला तर कड्याकडे नाही, भिंतीच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं, खेचरवाला सांगेल तसं करायचं, शेवटचं खेचर चांगलं पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. नाही जमलं तर नाही जमलं, बोगद्याआधीच वळ.

यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, 'नुसतं वरून बघण्यात काय अर्थ'. पहिली गोष्ट, तिथे येणारे बहुतेक लोक रिमच्या खाली उतरतच नाहीत आणि त्यांचं काही बुडत नाही. दुसरी, मी प्रामाणिकपणे सांगते, खाली गेल्यावर फरक पडतो. वरून कॅन्यन चित्रासारखा दिसतो, इतका मोठा की डोळ्याला खरा वाटत नाही, आणि शंभर-दोनशे फूट खाली उतरलं की भिंत आपल्या डोक्यावर येते आणि मग एकदम खरा होतो. पण तो फरक पहिल्या पंधरा मिनिटांत पडतो गं. पुढचे सात मैल तोच फरक आणखी पडत जातो असं नाही, पुढे फक्त ऊन वाढतं.

आता सासूबाई. 'मी गाडीत बसते' हे वाक्य आपल्या घरांमध्ये किती वेळा ऐकलंय मी, आणि दर वेळी सगळ्यांनी ते खरं मानून पुढे गेलेलं बघितलंय. कदाचित त्यांना खरंच बसायचं असेल, असूही शकेल, मी त्यांना ओळखत नाही. पण पार्किंग लॉटमधून कॅन्यन दिसत नाही, दिसतात इतरांच्या गाड्या, आणि जूनमध्ये बंद गाडीत बसणं हे तसंही धोक्याचं. त्यांना 'तुम्ही येणार का' असं विचारू नकोस, त्याला उत्तर ठरलेलं आहे. विचार की आई, सलग किती वेळ उभं राहवतं, बाक किती अंतराने लागेल, बाथरूम किती वेळाने, बसच्या पायऱ्या चढवतात का. ही माहिती घेतलीस की प्लॅन आपोआप तयार होतो.

हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्या बंद असतात, लाल मार्गाची शटल जाते, जाताना एकेका पॉइंटवर थांबत, येताना मोजक्याच ठिकाणी थांबते हे लक्षात ठेवा, नाहीतर नको त्या पॉइंटवर बसची वाट बघत बसाल. न उतरता नुसती चक्कर मारली तर साधारण ८० मिनिटं. पण बसमध्ये चढउतार जड जात असेल तर सीनिक ड्राइव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी परमिट नावाचा कागद मागायचा, एंट्री गेटवर किंवा व्हिजिटर सेंटरला मिळतो, पैसे लागत नाहीत, मग ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना घेऊन आपली गाडी बंद रस्त्यावर नेता येते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्या रस्त्याच्या शेवटच्या भागात मोन्युमेंट क्रीक व्हिस्टापासून हर्मिट्स रेस्टपर्यंत २.८ मैलांची पक्की, रुंद पायवाट आहे, तिला ग्रीनवे म्हणतात, तिथे गर्दी कमी, व्हीलचेअर ढकलायला सोपी. मधला पॉवेल पॉइंट ते मोन्युमेंट क्रीक हा तुकडा मात्र अरुंद मातीचा, तिथे चाकं नकोत.

व्हीलचेअर म्हटलं की आपल्याकडे तोंडं पडतात. मग सीटवाला वॉकर घ्या, चार चाकांचा, ब्रेक असलेला. चालवेल तेवढं धरून चालायचं, दमलं की तिथेच त्यावर बसायचं, समोर कॅन्यन. बाक शोधायला नको की कुणाकडे मागायला नको.

आणि स्तोत्र म्हणायचंय ना त्यांना? मग गाडीत कशाला. त्या कॅन्यनमधल्या शिखरांना शिव टेंपल, विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल अशी नावं आहेत, १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ही देवादिकांची नावं द्यायची चाल पाडली, त्याला ती शिखरं देवळांसारखी दिसली. अगदी तळाचे काळे खडक, १७० कोटी वर्षांपूर्वीचे, त्यांनाही विष्णू शिस्ट म्हणतात. हर्मिट रोडवरच्या होपी पॉइंटवरून शिव टेंपल दिसतं. ते सपाट माथ्याचं आहे, नकाशा घेऊन मुलाला शोधायला लावा, आणि आईंना सावलीत बसवा. नावं अशी असली तरी जागा मात्र दुसऱ्यांची आहे हेही मुलाच्या कानावर घाल. ब्राइट अँजलवर साडेचार मैलांवर झरा आणि झाडी आहे, तिथे हवासुपाई हे तिथले मूळनिवासी लोक राहायचे, १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटच्या कुटुंबालाही तिथून काढलं, आणि जुनं नाव बदलून त्या जागेला हवासुपाई गार्डन्स म्हणायला २०२२ साल उजाडावं लागलं.

तर तुझं ते 'कुणी मागे राहू नये'. मला वाटतं तू 'एकत्र' म्हणजे 'एकाच वाटेवर' असं धरून चाललीयस, आणि त्यामुळे एकतर सगळ्यांना सासूबाईंच्या वेगाने नेणार नाहीतर सासूबाईंना मागे ठेवणार, असे दोनच पर्याय तुला दिसतायत. पहाटे वेगवेगळे व्हा ना. दोघं झोपडीला, तू, मुलगा आणि आई सावकाश उठून याव्हापायला. ९ नंतर नाष्टा एकत्र, तेव्हा प्रत्येकाकडे सांगायला वेगळं काहीतरी असतं, आजीकडेही असतं, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्या गाडीत बसल्या असत्या तर त्यांना फक्त ऐकायला मिळालं असतं. दुपारी ११ ते ४ कुणीही कुठेही जायचं नाही, खोलीत पडायचं. संध्याकाळी सगळे मेदर पॉइंटला, व्हिजिटर सेंटरच्या अगदी जवळ, वाट पक्की. जूनमध्ये पावणेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो. सूर्याकडे बघू नका, त्याच्या उलट्या बाजूच्या भिंतींकडे बघा, रंग तिथे बदलतात. अंधार पडला की टॉर्च हवी आणि अंगावर जाकीटही, रिमवर रात्री जूनमध्येही गारठा असतो. आणि पहिल्या दिवशी सगळेच थोडे धापतील, ७,००० फूट आहे ते, त्याला घाबरू नका पण पहिल्याच दिवशी उतरूही नका.

राहिली बाबांची नदी. ती मी विसरले नाहीये. पाण्याला हात लावायचाय ना, मग पाणी जिथे रस्त्याच्या शेजारी येतं तिथे जा. लीज फेरी. ग्रँड कॅन्यनचं वरचं टोक, राफ्टिंगवाले तिथून नाव सोडतात, नदीचे मैल तिथपासून मोजतात, आणि थेट काठापर्यंत गाडी जाते. साउथ रिमहून साधारण अडीच तास. तिसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने निघा, हा रस्ता खासगी गाड्यांना खुला असतो, वाटेत १९३२ चा, मेरी कोल्टर यांनी बांधवलेला दगडी टेहळणी बुरूज, तिथून खाली नदीचा पट्टा छान दिसतो. पुढे मार्बल कॅन्यनला नवाहो ब्रिज, १९२९ चा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलाय, नशीब असेल तर कॉन्डर गिधाडं दिसतात, बहुतेकांच्या पंखावर नंबराचा टॅग. तू पुलावर नाही गेलीस तरी चालेल. मधे नवाहो मूळनिवासींच्या भागातून जाताना फोनचं घड्याळ तासभर पुढे उडी मारतं, बाकी अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही आणि ते बदलतात, त्यामुळे फ्लाइटची वेळ बघताना गोंधळ घालू नका. लीज फेरीला पोहायला उतरायचं नाही, पाणी वरच्या धरणाच्या जलाशयातल्या खोल भागातून येतं, गार असतं आणि ओढ फार. काठावर बसून हात-पाय बुडवायचे.

खरोखरच चालत तळाशी जायची हौस असेल तर बाबांना पुढच्या खेपेला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बोलवा आणि खाली मुक्काम करा. तळाशी असलेल्या फँटम रँच या लॉजसाठी १५ महिने आधी लॉटरी असते, तंबूत राहायचं तर बॅककंट्री परमिट. एका दिवसात उतरायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला लागायचं, किंवा हवासुपाई गार्डन्सला आणखी एक मुक्काम. हे झेपण्यासारखं आहे, मी पासष्टीच्या लोकांना चढून येताना बघितलंय, आणि तरुणांपेक्षा चांगल्या अवस्थेत.

तुझ्यासारखी सगळ्या वयांची मिसळ घेऊन जाणाऱ्या इतरांसाठी दोन-चार फुटकळ गोष्टी. डिसेंबर ते मार्च ब्राइट अँजलच्या वरच्या भागात सावलीमुळे बर्फ गोठून काच होतो, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे लागतात, तेव्हा उन्हाची भीती जाते आणि घसरण्याची येते. अगदी लहान बाळ असेल तर पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बाळ हलत नाही, आपण घामाघूम होतो आणि ते उन्हात नुसतं बसून तापत असतं हे लक्षात येत नाही, रिमवरच फिरा. ग्रँडव्ह्यू ट्रेल नकाशावर छोटी दिसते, नवख्याने जाऊ नये, फार उभी आणि खडकाळ. गाडीची एंट्री ३५ डॉलर, ७ दिवस चालते, पण २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना या पार्कमध्ये माणशी १०० डॉलर जादा लागतात, तेव्हा आई-बाबांसाठी पासचे पर्याय निघण्याआधी बघून घ्या, गेटवर वाद घालत बसू नका.

आणि तो वॉकर आणलास की आधी आठवडाभर घराजवळच्या एखाद्या उताराच्या फुटपाथवर आईंना चालवून बघू दे, ब्रेक कसा दाबायचा, बसायच्या आधी तो लॉक कसा करायचा. रिम सपाट म्हणतात खरं, पण मधे मधे उतार आहेत.